‘बचेंगे तो’

चंदीगढ ही आकड्यांनी ओळखली जाणारी नगरी आहे. तिच्या सेक्टर ३० मध्ये केंद्रीय वैज्ञानिक उपकरण संघटनेचा परिसर आहे. १९५९ साली दिल्लीत स्थापन झालेली ही संस्था १९६२ मध्ये येथे आली. आकड्याला पूर्वज नसतात, म्हणूनच तो प्रांतोप्रांतींच्या माणसांना समभावाने सामावून घेतो. तथापि काही मैलांवरच मोहाली लागते, आणि तिचे अधिकृत नाव साहिबजादा अजितसिंह नगर असे आहे. गुरू गोविंदसिंहांचा हा ज्येष्ठ पुत्र १७०४ च्या डिसेंबरात चमकौर येथे धारातीर्थी पडला, तेव्हा तो अवघा सतरा वर्षांचा होता. लोकस्मृतीने त्याच्या मुखी ठेवलेले बोल आहेत ते पित्याकडे रणात उतरण्याची अनुज्ञा मागणारे.

तरुण खड्गधराचे शब्द समाज इतक्या जिव्हाळ्याने का जपतो? वार्धक्यातील उपदेशाच्या पाठीशी अनुभव असतो. या शब्दांच्या पाठीशी मात्र न जगलेले आयुष्य असते. ऐकणारा आपल्याकडून त्यांत भर घालतो, आणि कित्येकदा ती भर मूळ शब्दांहून मोठी होऊन बसते.

आज सेक्टर ३० मधील एखाद्या मराठी घरातला मुलगा असे बोल शोधतो ते बखरीत नव्हे, तर जपानी चित्रमालिकेत. कोयोहारू गोतोगे यांची ‘किमेत्सु नो याइबा’ ही चित्रकथा २०१६ ते २०२० या काळात क्रमशः प्रसिद्ध झाली आणि पुढे मालिकारूपाने जगभर पोहोचली. तिच्यातील तोकितो मुइचिरो हा चौदा वर्षांचा मुलगा. तलवार हाती घेतल्यापासून दोनच महिन्यांत तो राक्षससंहारकांच्या सर्वोच्च श्रेणीस पोहोचतो. त्याची स्मृती मात्र हरपलेली आहे. त्याचे प्रारंभीचे बोलणे तुटक आणि निष्ठुर आहे: दुसऱ्याच्या दुःखापेक्षा स्वतःच्या वेळेचे मोल त्याला अधिक वाटते. मुलांच्या वहीत बहुधा हीच धारदार वाक्ये उतरतात.

वस्तुतः त्याच्या कथेचे मर्म एका अक्षरात आहे. ‘मुइचिरो’ या नावातील ‘मु’ म्हणजे नकार. जुळा भाऊ रागाच्या भरात त्या अक्षराचा अर्थ ‘निरर्थक’ असा लावतो; मरतेसमयी मात्र तोच सांगतो, की हा ‘मु’ ‘मुगेन’ म्हणजे ‘अनंत’ या शब्दातला आहे, आणि इतरांसाठी झटताना या धाकट्याच्या ठायी अमर्याद सामर्थ्य प्रकट होते. अक्षर तेच, त्याच्यापुढे काय जोडावे, एवढाच प्रश्न.

मराठी मनाला येथे दत्ताजी शिंद्यांची आठवण होणे स्वाभाविक आहे. १० जानेवारी १७६० रोजी दिल्लीच्या उत्तरेस बुराडी घाटावर ते जखमी होऊन पडले असता शत्रूने ‘पुन्हा लढाल काय?’ अशा अर्थाचा प्रश्न केला. ‘बचेंगे तो और भी लडेंगे’ हे त्यांचे उत्तर परंपरेने जतन केले. मराठीतील हे सर्वांत स्मरणीय वीरवचन मराठीत नाही, ही गोष्ट भारतीय साहित्यांच्या अभ्यासकाने अवश्य ध्यानी घ्यावी. उत्तर शत्रूला समजावे म्हणून हिंदुस्थानीत दिले गेले, आणि मराठीने ते भाषांतर न करता आपले मानले. शब्द कोणत्या भाषेतले आहेत यापेक्षा ते कोणापुढे उच्चारले गेले, याला तिने अधिक महत्त्व दिले. जपानी बोल वहीत उतरवणारा मुलगाही अर्थात याच वाटेवर आहे.

परंतु या वचनाचाही पूर्वार्ध हळूहळू झिजला. व्याख्यानांत ‘लडेंगे’वर आघात पडतो आणि ‘बचेंगे तो’ ओझरते उच्चारले जाते. जणू काही दत्ताजींनी मरणाची इच्छा व्यक्त केली होती! त्यांनी मागितले ते जगणे. लढणे हे त्या जगण्याचे फलित. इतिहासाने या वाक्याची दोन उत्तरे दिली. त्याच रणात जखमी झालेला त्यांचा कोवळा पुतण्या जनकोजी वाचला, पुन्हा लढला, आणि १७६१ च्या पानिपतानंतर मारला गेला. धाकटे बंधू महादजी पानिपतातून पायाने अधू होऊन परतले. १७७१ मध्ये मराठ्यांनी दिल्ली पुन्हा हस्तगत केली, तेव्हा ते तेथे होते. महादजींच्या अधू पायात त्या वाक्याचा पूर्वार्ध मूर्त झाला होता.

म्हणूनच मुलांच्या हाती कोणते वचन पडते, यापेक्षा त्याचा कोणता अर्धा भाग पडतो, हे पाहणे अगत्याचे आहे. ‘मु’पुढे ‘निरर्थक’ जोडता येते, तसेच ‘अनंत’ही जोडता येते. ‘लडेंगे’पूर्वीचे ‘बचेंगे’ गाळता येते, तसेच ते ठसठशीत उच्चारताही येते. चौदा वर्षांच्या मुलास हा भेद आपोआप कळत नाही. तो घरातील वडीलधाऱ्यांनी उच्चारून दाखवावा लागतो. ते दाखवणारे माणूस घरात असेल, तर वहीतील वाक्य जपानचे आहे की बुराडीचे, याने फारसे बिघडत नाही.