दोन बोटे अपुरे दावे

मुलाच्या रागाला मराठीत पायऱ्या आहेत. ते हिरमुसते, रुसते, फुगून बसते, धुसफुसते; एवढ्यानेही कुणाचे लक्ष गेले नाही, म्हणजे आदळआपट आणि थयथयाट आरंभते. शाळेच्या दप्तरी मात्र या साऱ्या अवस्थांसाठी 'अग्रेसिव्ह' हा एकच शब्द असतो.

माझा आठ वर्षांचा मुलगा पुण्याहून दिल्लीस आला, त्या वर्षी तो शब्द मला वारंवार ऐकावा लागला. त्याने वर्गातील बाक उलथवला होता, एका सोबत्याला चावा घेतला होता. घरी अखंड बोलणाऱ्या या मुलाला मनातले सांगण्यापुरते हिंदी अजून यावयाचे होते.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ रॉस ग्रीन यांनी 'द एक्स्प्लोसिव्ह चाइल्ड' या १९९८ च्या ग्रंथात असे प्रतिपादिले, की असे मूल हेतुपुरस्सर वाईट वागत नसते. वैफल्य सोसण्याचे व अडचणीतून वाट काढण्याचे कौशल्य त्याच्या ठायी अपुरे असते. म्हणून शांत वेळी मुलासह बसून अडचण शोधावी आणि तोडगाही दोघांनी मिळून काढावा.

हे वाचताना भागवताचा दशम स्कंध आठवल्यावाचून राहत नाही. कृष्ण का कोपला, हे तेथे आधी येते: दूध उतू जाते म्हणून यशोदा त्याला अर्धवट पाजून उठली. मग दह्याचे भांडे फुटते. ती छडी घेऊन धावते; परंतु मूल भ्याले आहे हे ध्यानी येताच छडी टाकून देते. दावे दोन बोटे अपुरेच पडत राहते. अखेर आईचे श्रम पाहून तो आपण होऊन बांधला जातो. चतुर्थ स्कंधात सावत्र आईच्या बोलांनी पोळलेल्या ध्रुवाचे दुःख सुनीती नाकारीत नाही. इतरांचे अशुभ चिंतू नको, एवढे सांगून त्याला वाट दाखविते.

दिल्लीच्या १९७३ च्या शालेय नियमांत शारीरिक शिक्षेस मुभा होती. उच्च न्यायालयाने ती २००० साली रद्द ठरविली. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने अशी शिक्षा निषिद्ध केली. परंतु छडी टाकल्यावर यशोदेचे काम संपले नव्हते. काही मुलांना तज्ज्ञ वैद्याचे साहाय्यही लागते. आमच्या मुलाशी आम्ही रोज सायंकाळी बसू लागलो. 'रुको', 'मुझे नहीं चाहिए', 'अब मेरी बारी है' ही त्याने प्रथम घोटलेली हिंदी वाक्ये. पुढे काही महिन्यांनी तो शाळेतून रुसून घरी आला. त्या रुसण्याने मला केवढा दिलासा दिला!