कोपरा ढिला पडला म्हणे

सामना हरल्यावर गावात एकच वाक्य फिरत होतं, "पकड ढिली पडली." मी उजवा कोपरा खेळायचो, म्हणजे ते वाक्य माझ्याच अंगावर यायचं. एवढी वर्षं झाली, अजून पचत नाही.

आमच्या अकोले तालुक्यात कबड्डी काय आहे हे सांगत बसत नाही. भातकापणी झालेल्या खाचरात आम्ही पाय रोवायला शिकलो, एवढं पुरे. तर तालुक्याच्या स्पर्धेचा अंतिम सामना होता. शेवटची काही मिनिटं उरलेली, आम्ही पाच गुणांनी पुढे आणि आमचे सातही गडी मैदानात. अशा वेळी चढाईपटूनं निदान रेषा ओलांडावी, तीस सेकंद खेळवावीत आणि गुपचूप परत यावं. आमचा मुख्य चढाईपटू बोनससाठी आत शिरला. त्यांच्या साखळीनं त्याला तिथंच दाबला.

एक गुण गेला, पण एक गडीही गेला, हे लोक विसरतात. कबड्डीत चढाईपटू बाद झाला की बचावातलाही एक माणूस कमी होतो. लगेच त्यांनी आमचा एक टिपला. मग आमचा दुसरा चढाईपटू पकडला गेला. पुन्हा त्यांनी एक टिपला. आता आम्ही तिघं उरलो आणि आघाडी एका गुणाची. त्या तिघांत आम्ही त्यांचा गडी पाडला. सुपर टॅकलचे दोन गुण मिळाले, आमचा मुख्य चढाईपटू आत आला. आणि पुढच्याच चढाईत पुन्हा बाद!

शेवटची चढाई त्यांची होती. मी घोटा धरला, दोघांनी वरून झडप घातली. तो आडवा पडला, पण लांब होता, बोटं मध्यरेषेला टेकली. तिघंही बाद, वर लोणाचे दोन. दोन गुणांची आघाडी होती, तीन गुणांनी हरलो. लोकांनी फक्त तो सुटलेला घोटा पाहिला. आम्ही तिघंच का उरलो होतो, हे कुणी विचारलं नाही.

बक्षीस समारंभात उत्कृष्ट चढाईपटूचा चषक आमच्याच त्या गड्याला मिळाला. पकडीसाठी बक्षीसच ठेवलेलं नव्हतं.

२०२४ च्या मार्चमध्ये पुणेरी पलटणनं हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असं हरवून प्रो कबड्डी जिंकली, तेव्हा मला फार बरं वाटलं. कर्णधार आपल्याच जिल्ह्यातला अस्लम इनामदार, स्वतः चढाईपटू. पण त्या मोसमात पकडीचे सर्वाधिक, ९९ गुण मिळवणारा मोहम्मदरेझा शादलूही त्याच संघात होता. मी सगळ्यांना ते ऐकवत फिरलो. तेव्हा एकानं मला प्रदीप नरवालची आठवण करून दिली. २०१७ मध्ये त्यानं एकट्यानं चढाईचे ३६९ गुण मिळवले आणि पाटण्यानं सलग तिसरं विजेतेपद नेलं. यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही.

आणि त्या चढाईपटूवरचा रागही आता पूर्वीसारखा टिकत नाही. समोर सात जण, मागून सगळं गाव "बोनस, बोनस" ओरडतंय, आणि तो एकटा. त्याला परत बोलवायला आमच्यातलं कुणी ओरडलं का? मला तरी तसा आवाज आठवत नाही.

आता संध्याकाळी पोरांना शिकवतो. कोपऱ्यानं घोटा धरला की कव्हरनं त्याच क्षणी मध्यरेषेच्या बाजूनं यायचं, पाठीवर नुसतं पडायचं नाही, हे रोज घोटून घेतो. आघाडी असताना चढाईपटू बोनसकडे वळला की बाहेरून ओरडतो. आणि हरल्यावर कुणी पालक "कोपरा ढिला पडला" म्हणाला, तर त्याला तिथंच थांबवून आमच्या शेवटच्या चार चढाया कशा गेल्या ते सांगायला लावतो.