चलो आलापल्ली! पण आधी क्लच...

चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलातला लाँग ड्राइव्ह म्हणजे फुल टू धमाल. फक्त गाडी जुनी असेल, तर हा प्रवास घरच्या अंगणातच सुरू होतो!

विदर्भातला वीकेंड म्हटलं की आपलं डोकं ताडोबाच्या पुढे जातच नाही. सफारी, जमलं तर वाघाचा फोटो, आणि सोमवारी ऑफिसात कौतुक. पण चंद्रपूरहून आणखी एक रस्ता निघतो. बल्लारपूर, कोठारी, गोंडपिपरी, आष्टी, आलापल्ली आणि शेवटी हेमलकसा. साधारण पावणेदोनशे किलोमीटर. हा रस्ता एकदा तरी स्वतः गाडी चालवत करायलाच हवा.

बल्लारपूर म्हणजे सागवानाचं गाव. २०२३ मध्ये अयोध्येच्या राममंदिरासाठी सागवान गेलं, ते इथूनच. आष्टीला वैनगंगा ओलांडली की तुम्ही गडचिरोली जिल्ह्यात. १९८२ मध्ये चंद्रपूरपासून वेगळा झालेल्या या जिल्ह्याचा दोन तृतीयांशांच्या आसपास भाग आजही जंगल आहे. आलापल्लीजवळ मान वर करून बघावे लागतात असे जुने सागवान उभे आहेत. ‘ग्लोरी ऑफ आलापल्ली’ नावाचा हा तुकडा २०१४ मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं जैवविविधता वारसास्थळ ठरला. पुढे हेमलकसा. बाबा आमटेंनी १९७३ मध्ये सुरू केलेला आणि डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटेंनी उभा केलेला लोकबिरादरी प्रकल्प इथलाच. तिथून भामरागड हाकेच्या अंतरावर. पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावतीचा त्रिवेणी संगम बघायचा तो इथे.

आता मुद्द्याची गोष्ट. आलापल्ली सोडलं की साठेक किलोमीटर जंगल आणि मधे छोटी छोटी गावं. मोबाइलची रेंज मध्येच गायब. पंक्चर काढणारा भेटेलही, पण तुमच्या पंधरा वर्षं जुन्या मॉडेलचं सील किट त्याच्याकडे असेलच असं नाही. आणि या रस्त्यावर तुम्हाला अडकवणारी वस्तू किती मोठी असते? अंगठ्याएवढं रबर!

पेडल काय सांगतंय?

मारुती ८०० सारख्या गाड्यांत क्लचला केबल असते. अनेक जुन्या डिझेल गाड्यांत मात्र हायड्रॉलिक क्लच. पेडल दाबलं की मास्टर सिलिंडर पाइपातून ब्रेक ऑइल ढकलतो, गिअरबॉक्सजवळचा स्लेव्ह सिलिंडर ते झेलतो आणि क्लच सुटतो. आतलं रबरी सील झिजलं की तेल गळतं, हवा शिरते आणि पेडल स्पंजासारखं मऊ होतं. रिव्हर्स टाकताना खर्रर्र आवाज, डबीतलं तेल कमी होणं, ही लक्षणं. पेडलच्या वर ओल दिसली तर मास्टर, गिअरबॉक्सच्या बाजूला दिसली तर स्लेव्ह. गिअरबॉक्सच्या आतूनच तेल ठिबकत असेल, तर हात न लावता गॅरेज गाठा. काही गाड्यांत ब्रेक आणि क्लचची डबी एकच असते. तिथे तर ‘बघू नंतर’ हा प्रकारच नको.

निघायच्या आदल्या दिवशी चंद्रपुरात मामाच्या अंगणात आमच्या गाडीखाली थेंब दिसले. स्लेव्ह सिलिंडर! मी म्हटलं, ‘मामा, टॉपअप करून निघू या का?’ मामा म्हणाला, ‘अन् भामरागडात काय ढकलत नेशील बे?’ विषय संपला. एका पिझ्झ्याहून कमी पैशांत किट आलं आणि आम्ही कामाला लागलो.

अंगणातलं गॅरेज

गाडी सपाट जागेवर घ्या, चाकांना दगड लावा, जॅकच्या जोडीला स्टँड हवाच. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरायचं नाही. पाइप सोडवा, बोल्ट काढा, सिलिंडर हातात येतो. रबरी टोपी काढून पिस्टन बाहेर घ्या. आत बोट फिरवा. भिंत गुळगुळीत असेल तर नवं सील पुरे. गंजाचे खड्डे लागले तर अख्खा सिलिंडरच बदला, नाहीतर नवं सीलही कापलं जाईल. धुवायला फक्त ताजं ब्रेक ऑइल. पेट्रोल किंवा इंजिन ऑइल लागलं की रबर फुगतं. नवं सील जुन्याच्याच दिशेने, पसरट कड तेलाच्या दाबाकडे.

मग खरी गंमत, हवा काढायची. याला दोघं लागतात. एक आत पेडलवर, एक खाली निप्पलवर. ‘दाब... धरून ठेव... सोडू नको बे!’ खालचा निप्पल उघडतो, नळीतून बुडबुडे येतात, निप्पल बंद, मगच पेडल सोडायचं. मध्ये मध्ये डबी भरत राहा, रिकामी झाली की पुन्हा हवा. बुडबुडे थांबले की पेडल पायाला कडक लागतं. तो क्षण म्हणजे सॉल्लिड! रात्रभर गाडीखाली वर्तमानपत्र पसरून ठेवा. सकाळी कोरडं असेल तरच निघा. आमचं कोरडं होतं.

डिकीत हे हवंच

- झाकणावर लिहिलेल्या ग्रेडच्या ब्रेक ऑइलची सीलबंद बाटली. उघडी बाटली हवेतली ओल शोषते. तेल रंगावर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा, रंग जातो.
- जादा सील किट, निप्पलचा पाना, पारदर्शक नळी, टॉर्च.
- रस्त्यात पेडल मऊ झालंच तर तेल भरा, तीन-चारदा पंप करा आणि जवळचं मोठं गाव गाठा.
- नोव्हेंबर ते फेब्रुवारी बेस्ट. मे महिन्यात चंद्रपूर ४५ अंशांच्या वर जातं आणि पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो.
- आलापल्लीत टाकी फुल करा आणि उजेड असतानाच हेमलकशाला पोचा.