चौऱ्याण्णव मिलिमीटरची मालकी

कोळसा वाहणाऱ्या बॉक्सएन वाघिणीचं नवं चाक १००० मिलिमीटर व्यासाचं असतं. झिजत, कातत ते ९०६ मिलिमीटरवर आलं की भंगारात जातं. वाघिणीच्या मालकाने चाकासाठी मोजलेले पैसे खरं म्हणजे या मधल्या ९४ मिलिमीटरसाठी असतात. मालवाहू वाघिणींच्या देखभालीत माझी पस्तीस वर्षं गेली. आधी रेल्वेच्या कॅरेज अँड वॅगन विभागात, नंतर खाजगी रेकमालकांचा सल्लागार म्हणून. एवढ्या काळात मला सगळ्यात जास्त हळहळ वाटली ती हे मिलिमीटर कुणाच्या लक्षातही न येता उधळले जाताना पाहून.

ब्रेक लागतो आणि सुटत नाही. चाक फिरायचं थांबतं, रुळावरून नुसतं घसटत जातं आणि त्याच्या गोलाईवर सपाट चट्टा पडतो. मालगाडीच्या चाकाला ६० मिलिमीटर लांबीपर्यंतचा चट्टा नियमात बसतो. एवढ्या चट्ट्याची खोली जेमतेम ०.९ मिलिमीटर भरते. पण ताशी ६० किलोमीटर वेगाने तो सेकंदाला पाचाहून अधिक वेळा रुळावर आदळतो. तो दणका बेअरिंगला बसतो, रुळालाही बसतो. शिवाय घसटताना तापून झटकन गार झालेलं पोलाद ठिसूळ होतं. तो थर पुरता निघेपर्यंत लेथवर कातावं लागतं. एका अ‍ॅक्सलवरच्या दोन चाकांच्या व्यासात कातल्यावर ०.५ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक चालत नाही. त्यामुळे एका चाकाच्या दुखण्यापायी त्याच्या धडधाकट जोडीदारालाही तेवढंच कातून घ्यावं लागतं. दोष होता ब्रेकचा, खर्ची पडली दोन चाकं.

आमची देखभाल पिढ्यान् पिढ्या पंचांगावर चालली. बॉक्सएनचं रुटीन ओव्हरहॉलिंग, म्हणजे आरओएच, दर १८ महिन्यांनी. कारखान्यातलं पीरिऑडिक ओव्हरहॉलिंग, म्हणजे पीओएच, नव्या वाघिणीला पहिल्यांदा ६ वर्षांनी आणि पुढे दर साडेचार वर्षांनी. हे पंचांग आखणारे शहाणे होते. बेअरिंगच्या आत काय चाललंय हे कळायचा मार्गच नसेल, तर ठरल्या दिवशी वाघीण उघडून पाहणं हाच प्रामाणिक उपाय होता. पण पंचांगाला धाव कळत नाही. एक रेक सतत लांब पल्ल्याच्या फेऱ्या मारत असतो, दुसरा महिना महिना साइडिंगवर उभा असतो. तारीख दोघांचीही एकच. चांगलं चाललेलं बेअरिंग उगाच उघडलं, तर आत धूळ जाण्याचा, बसवताना चूक होण्याचा धोका आपणच ओढवून घेतो.

अवस्था पाहून देखभाल करायची ही कल्पना मात्र नवी नाही. मी नोकरीला लागलो तेव्हा यार्डात शिरणाऱ्या प्रत्येक मालगाडीची रोलिंग-इन तपासणी व्हायची. रुळाच्या दोन्ही बाजूंना माणसं उकिडवी बसायची. ५८ वाघिणींचा रेक म्हणजे ४६४ चाकं समोरून जायची. त्यातल्या एखाद्याची वेगळी ठोक कानाला लागली की मिस्त्री बोट वर करायचे. गाडी थांबली की हाताच्या पालथ्या बाजूने अ‍ॅक्सल बॉक्स चाचपत जायचं आणि शंका आली तिथे खडूने खूण करायची. ही अवस्थेवरची देखभालच होती, आणि उत्तम होती. तिच्यात उणीव एकच. पुढच्या यार्डापर्यंत ती खूण पावसाने धुऊन जायची. या चाकाने मागच्या महिन्यात काय सांगितलं होतं, हे या महिन्यात कुणालाच ठाऊक नसायचं.

आज रुळाशेजारच्या यंत्रांनी जी भर घातली आहे, ती माझ्या मते कानाची कमी आणि स्मरणाची जास्त आहे. आयआयटी कानपूर आणि रेल्वेच्या आरडीएसओ या संशोधन संस्थेने मिळून विकसित केलेलं ‘वाइल्ड’ हे यंत्र प्रत्येक चाकाचा रुळावरचा दणका टनांत मोजतं. हॉट अ‍ॅक्सल बॉक्स डिटेक्टर बेअरिंगची उष्णता लांबूनच टिपतो. ओएमआरएस या प्रणालीतले मायक्रोफोन बेअरिंगचा आवाज ऐकतात. वाघिणीवर आरएफआयडी टॅग असला, तर तो आकडा नेमका कोणत्या वाघिणीच्या कोणत्या अ‍ॅक्सलचा, याचीही नोंद राहते. खडूची खूण आता धुतली जाण्याचं कारण नाही.

यांतला क्रम मालकाने समजून घ्यायला हवा. बेअरिंगच्या रोलरवर किंवा त्याच्या धावपट्टीवर पापुद्रा सुटला की आधी आवाज बदलतो; हे पुष्कळ आधी कळू शकतं. उष्णता वाढते ती बहुधा शेवटी शेवटी. मग ग्रीस जळतं, अ‍ॅक्सलचं बेअरिंगमधलं टोक, म्हणजे जर्नल, मऊ पडून पिळवटतं आणि अ‍ॅक्सल तुटतो. उष्णतेची वाट पाहत बसणं म्हणजे रोग्याला शुद्ध हरपल्यावर दवाखान्यात नेणं.

३ फेब्रुवारी २०२३ रोजी अमेरिकेतल्या ओहायो राज्यात ईस्ट पॅलेस्टाइन गावाजवळ मालगाडीच्या ३८ वाघिणी घसरल्या. त्यांत विषारी रसायनांच्या टाक्या होत्या, माणसांना घरंदारं सोडावी लागली. प्लॅस्टिकचे दाणे वाहणाऱ्या एका वाघिणीचं बेअरिंग याला कारण झालं. वाटेतल्या तीन डिटेक्टरांनी ते भोवतालच्या हवेपेक्षा अनुक्रमे ३८, १०३ आणि २५३ अंश फॅरनहाइट जास्त तापल्याचं नोंदवलं होतं. पहिले दोन आकडे गाडी थांबवण्याच्या मर्यादेच्या आतले होते. तिसरा आला तेव्हा उशीर झाला होता. मी हे तीन आकडे नव्या इंजिनिअरांना फळ्यावर लिहून दाखवतो. एकेकटा आकडा पाहिला तर दुसऱ्यापर्यंत सगळं ठीक आहे. शेजारी शेजारी लिहिले की दुसऱ्यालाच छातीत धस्स होतं. ती वाघीण गाडी चालवणाऱ्या रेल्वे कंपनीच्या मालकीची नव्हती, हेही मी आवर्जून सांगतो.

म्हणजे मग पंचांग फेकून द्यायचं का? मुळीच नाही. २९ जून २००९ रोजी इटलीतल्या व्हियारेज्जो स्टेशनात एलपीजीच्या वाघिणीचा अ‍ॅक्सल तुटला आणि आगीत ३२ माणसं गेली. अ‍ॅक्सलमधली भेग वाढत जाते, पण ती ठोक देत नाही, तापतही नाही. तिच्यासाठी ठरल्या वेळी अल्ट्रासॉनिक तपासणीच हवी. जे बोलतं त्याचं ऐकावं. जे मुकं आहे त्याला तारीख लावूनच तपासावं. या अपघातानंतर युरोपने २०११ साली नियम केला, की प्रत्येक मालवाहू वाघिणीच्या देखभालीची जबाबदारी घेणारी एक प्रमाणित संस्था नोंदलेली असलीच पाहिजे. वाघीण कुठल्याही देशात, कुणाच्याही इंजिनामागे धावो, तिच्या प्रकृतीला जबाबदार कोण याचं उत्तर कागदावर सापडतं.

आपल्याकडे २००६ साली कंटेनर गाड्या चालवायला खाजगी कंपन्यांना वाट मिळाली, २०१८ साली सर्वसाधारण वाघिणींतही गुंतवणूक खुली झाली. मालकी खाजगी झाली, तरी तपासणी आणि दुरुस्ती रेल्वेच्याच हातात राहिली. त्यामुळे पुष्कळ मालकांना देखभाल म्हणजे भरायचं बिल वाटतं. एका मालकाचा कंटेनर रेक वाटेत अडला तेव्हा मी सोबत होतो. एका बेअरिंगमुळे वाघीण सिक लाइनला, म्हणजे दुरुस्तीच्या रुळावर, काढायची होती. पण बीएलसी वाघिणी पाच पाचच्या संचात जोडलेल्या असतात. संचाच्या आतल्या जोडण्या यार्डात सहज सुटत नाहीत. एका बेअरिंगपायी पाच वाघिणी, म्हणजे वीस फुटी दहा कंटेनरांची जागा बाजूला पडली आणि बदली चाकजोडी येईपर्यंत तशीच राहिली. त्या अ‍ॅक्सलचे आधीचे आकडे कुठेतरी नोंदलेले होते. मालकाने ते कधी मागितले नव्हते, त्याला कुणी दिलेही नव्हते.

म्हणून मालकांना माझं कळकळीचं सांगणं आहे. हिशेब वाघिणीचा ठेवू नका, अ‍ॅक्सलचा ठेवा. करार करतानाच यंत्रांचे आकडे मागून घ्या. मूळ डेपोत कातलेल्या चाकजोड्या तयार ठेवा. हाताशी चाक नसेल तर आगाऊ इशारा मिळून उपयोग काय? आणि एक गोष्ट मनाशी पक्की करा. आकडा हातात आला की ‘मला माहीत नव्हतं’ हे म्हणायची सोय संपते. काही मालक एवढ्याचसाठी आकडे मागायला कचरतात, हे मी जवळून पाहिलं आहे. पण त्या वाघिणी वस्त्यांमधून, फाटकांवरून, पुलांवरून धावतात. त्यांच्या शेजारून जाणाऱ्या लोकलमध्ये माणसं असतात.

आठ चाकांच्या वाघिणीचं मालकीपत्र कपाटात असतं. त्याच्यासोबत आठ आकड्यांचा एक कागद ठेवा: आज कोणत्या चाकाचे किती मिलिमीटर उरले आहेत. दर महिन्याला तो वाचणाराच माझ्या लेखी वाघिणीचा मालक.