अंतऱ्यातलं नाव

ज्या बाईंकडे मी गाणं शिकलो, त्यांच्या क्लासात वहीत बंदिश उतरवून घेण्याआधी तीन गोष्टी लिहाव्या लागत: राग, ताल आणि 'कुणाची'. तिसरा रकाना भरल्याशिवाय बाई स्थायी सांगत नसत. "पत्र वाचता, मग खाली सही कुणाची ते नको का बघायला?" असं म्हणायच्या. नाव सापडलंच नाही तर रकाना कोरा ठेवायचा. 'पारंपरिक' लिहायला मात्र मनाई. तो शब्द शोधून दमल्यावर लिहायचा, शोधण्याचा कंटाळा आला म्हणून नाही, हा त्यांचा खाक्या.

गायक काही मी झालो नाही. पण त्या रकान्याने मला माणसं भेटवली. 'सदारंग' म्हणजे महंमदशाह रंगीलेच्या दरबारातले नियामत खाँ, 'प्रेमपिया' म्हणजे फैयाज खाँ, 'प्राणपिया' म्हणजे विलायत हुसेन खाँ, 'दरसपिया' म्हणजे फैयाज खाँचे सासरे महबूब खाँ. आग्रेवाल्यांकडे एवढे 'पिया' कसे, म्हणून आम्ही पोरं खिदळायचो. 'चतुर' ही सही दिसली की भातखंडे.

बाईंचे सगळ्यांत लाडके 'सुजान', म्हणजे श्रीकृष्ण नारायण रातंजनकर. मुंबईचा हा माणूस आधी भातखंड्यांकडे शिकला, मग बडोद्याला फैयाज खाँकडे, आणि पुढे पाव शतकाहून अधिक काळ लखनौच्या मॅरिस कॉलेजात प्राचार्य होता. मार्गबिहाग, सालगवराळी हे त्यांचे राग. 'अभिनवगीतमंजरी'चे तीन भाग बाईंच्या कपाटात होते, शिवण उसवलेले. त्या पुस्तकांतली एकेक बंदिश त्या महिना-महिना शिकवत. आवाजाला मर्यादा असलेला माणूस बंदिशीत किती मोठं बोलू शकतो, हे मला तिथे कळलं. रातंजनकर १९७४ साली गेले. त्यांच्या बंदिशी आजही कानावर येतात, नाव क्वचितच येतं.

याचं कारणही बाईंनीच दाखवलं. रचनाकाराची मुद्रा बहुतेक वेळा अंतऱ्यात असते. महोत्सवात कलाकाराला मिळतो तासभर, कधी पाऊणच. त्यात बड्या ख्यालाची स्थायी आळवली जाते, मुखडा शंभरदा समेवर येतो, आणि अंतरा? एकदा म्हटला न म्हटला, शब्द गिळले, तान सुरू. वेळेची पहिली कात्री अंतऱ्यावर चालते आणि नेमकं त्यातच नाव असतं. गाणाऱ्याचं नाव फलकावर, साथीदारांचं निवेदकाच्या तोंडी, रागाचंही. बंदिश मात्र निनावी. दक्षिणेत असं चालत नाही. तिथे कृती कुणाची, हे जाणकार श्रोत्याला ठाऊक असतं, आणि त्यागराजांच्या नावाने तिरुवय्यारूला दरवर्षी आराधना होते.

आपले महोत्सवही गायकांच्या नावाने. पुण्याचा सवाई गंधर्वांच्या स्मरणार्थ १९५३ पासून, गोव्याचा केसरबाईंच्या. त्यात गैर काहीच नाही, ती माणसं तेवढी मोठी होतीच. पण सी. आर. व्यासांनी आपल्या गुरूंसाठी, जगन्नाथबुवा पुरोहितांसाठी, संमेलन भरवलं तेव्हा त्याला नाव दिलं 'गुणिदास'. ही बुवांची बंदिशीतली मुद्रा. मला हे फार आवडतं. बुवांचा जोगकंस आज जो तो गातो. त्यातल्या किती श्रोत्यांना तो बुवांचा हे ठाऊक असेल?

पुढे एका गावच्या महोत्सवात निवेदनाचं काम माझ्याकडे आलं, तेही बाईंनीच सुचवल्यामुळे. मी समितीला म्हटलं, बंदिशकाराचं नाव पत्रिकेत छापू. हसले सगळे. एका अर्थी बरोबरच हसले, कारण आपल्याकडे राग कोणता हे कलाकार ग्रीनरूममध्ये तंबोरे लागेपर्यंत ठरवत नाही. मग मी मार्ग काढला. गाण्याआधी निवेदकाच्या हाती जी चिठ्ठी येते, राग-ताल-साथीदार लिहिलेली, तिच्यात एक ओळ वाढवून मागायची. काहींनी आनंदाने लिहून दिली. एका ज्येष्ठ गायिकेने पेन हातात धरून बराच वेळ विचार केला आणि म्हणाल्या, "हे मला आजवर कुणी विचारलंच नव्हतं." एकाने लिहिलं: पारंपरिक. मी ते वाचलं नाही, बाई पहिल्या रांगेत होत्या.

अडचणी आहेत, नाही असं नाही. सदारंगांचं नाव नंतरच्यांनी आपल्या चिजांत घातल्याचीही उदाहरणं सांगतात. काही रचना खरोखरच निनावी आहेत. बाईंचं म्हणणं, शंका असेल तर शंका सांगा, गप्प बसू नका. त्यांनी स्वतः एकही बंदिश बांधली नाही. "ते डोकं माझं नाही," म्हणायच्या, आणि पुन्हा सुजानांकडे वळायच्या.

बाई आता नाहीत. त्यांची फी मी वेळेवर देत होतो, तेवढ्याने हे देणं फिटत नाही. तेव्हा निवेदन करणाऱ्या मित्रांना एवढीच विनंती: येत्या हंगामात चिठ्ठीवर तेवढी एक ओळ मागून घ्या, आणि ती माइकवर मोठ्याने वाचा.