खळ्यातला फौजदार

आमच्याकडे येणारा माणूस बेड्यापाशी थांबून हाक मारतो. कुत्रा नाही, पाटी नाही. पण खळ्यात राजहंस आहेत, हे पोस्टमनपासून नारळ पाडायला येणाऱ्या गड्यापर्यंत सगळ्यांना पाठ झालंय.

एक नर आणि दोन माद्या आप्पांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, आणल्या त्या आगरात जनावर फार म्हणून. राजहंस असले की साप फिरकत नाही, अशी आमच्या कोकणात समजूत. माझ्या पाहण्यात साप येतात. फक्त आल्याचं साऱ्या वाडीला कळतं. पोफळीच्या बुंध्याशी धामण दिसली की तिघं माना ताठ करून असा काही कालवा करतात, की ती बिचारी गडग्यात शिरते. पहाऱ्याला मात्र त्यांचा हात कोणी धरणार नाही. स्कॉटलंडमध्ये डम्बार्टनला व्हिस्कीच्या गोदामांवर १९५९ पासून २०१२ पर्यंत राजहंसांचा पहारा होता. हे मी वाचून दाखवलं तेव्हा आप्पा म्हणाले, "आपल्याकडे व्हिस्की नाही, सुपाऱ्या आहेत. तेवढ्या राखल्या तरी पुरे."

नराचं नाव फौजदार. चोचीच्या मुळाशी नारिंगी गाठ असलेली ही चिनी जात, आणि बोंबलण्यात हिचा नंबर वरचा. त्याचा राग पायरीपायरीने चढतो. आधी मान उंच. मग ती खाली येते, जमिनीलगत लांब होते, चोच उघडते आणि आतून फूत्कार येतो. इथपर्यंत तो नुसता बजावत असतो. त्यापुढे पोटरी पकडली, तर पकडून पिळतो; गवत कापायला चोचीच्या कडांना दाते असतात, त्यांची ओळख तेव्हा पटते. पंखाच्या सांध्याचा फटका याहून वाईट.

मी नवी असताना आप्पा पडवीतून ओरडायचे, "अगो, पळू नको! पळालीस की तो शेफारलाच." खरं आहे. हात पसरून जागेवर उभं राहावं आणि मग आपल्या वाटेने सावकाश चालू लागावं. मारायचं तर मुळीच नाही. एका गड्याने कधीतरी त्याच्यावर खराटा उगारला होता. तो डोक्याला टॉवेल गुंडाळून आला तरी फौजदार चार माणसांतून नेमका त्याच्यावरच धावतो.

कुणाला पिटाळलं की तो मान लांबवून तसाच माद्यांकडे पळत येतो, आणि तिघं डोक्याला डोकं लावून गलका करतात. गंमत म्हणजे विजय खरा असावाच लागतो असं नाही. परवा उतारावरून घरंगळत आलेल्या नारळावर तो धावून गेला. नारळ गडग्याला लागून थांबला, तरी घरी स्वागत तेच.

सगळ्यात तापट काळ अंड्यांचा. मादी मांगरात पेंढ्यावर बसते ती जवळजवळ महिनाभर. चरायला उठली तर अंडी पेंढ्याने आणि आपल्याच पोटाच्या पिसांनी झाकून जाते. त्या दिवसांत नर दारातून हलत नाही. कोंड्याचं घमेलं घेऊन आलेल्या आप्पांनाही तो आत सोडत नाही. एकदा मी खिडकीच्या गजांतून पाहत होते. एक अंडं घरट्याबाहेर गेलं होतं. मादीने मान पुढे ताणली, चोचीची खालची बाजू अंड्यामागे टेकवली आणि ते हळूहळू आत ओढायला लागली. मध्येच अंडं निसटून बाजूला गेलं. तिची चोच मात्र जणू अंडं आहेच, अशी रिकामीच घरट्यापर्यंत आली. मग तिने पाहिलं आणि पहिल्यापासून सुरुवात केली. कोनराड लोरेन्झ आणि निको टिनबर्गन यांनी रानटी राजहंसांत नेमकं हेच टिपून १९३८ साली छापलं होतं. पुढे १९७३ मध्ये कार्ल फॉन फ्रिश यांच्यासह त्या दोघांना नोबेल मिळालं.

पिल्लं निघाली की हाच फौजदार त्यांच्या चालीने चालतो. पाटाच्या पाण्याशी ती रेंगाळली तर हा उभा. पिल्लांना हाताळायचा मोह सगळ्यांना होतो, कारण उबवून निघाल्यावर ती पहिल्यांदा ज्याला पाहतात त्याच्यामागे लागतात. शेजारच्या मुलाने एक पिल्लू खोक्यात वाढवलं. ते त्याच्या मागे एसटीच्या थांब्यापर्यंत जायचं. नर निघाला, वयात आला, आणि त्याच मुलाला प्रतिस्पर्धी समजून चावायला लागला. आईबापांजवळ वाढलेला नर माणसाला थोडा वचकून असतो. हाताने वाढवलेल्याला वचक कसला?

जोडी मागायला बरेच येतात. आप्पा आधी विचारतात ते शेजार किती लांब, गवत किती आणि साफ कोण करणार. खातात भरपूर, आणि पडवीच्या पायरीवर शिट त्याच प्रमाणात. शिवाय राजहंस नीट सांभाळला तर वीस वर्षंही जगतो. मागे पुण्याहून एक गृहस्थ आले होते. इमारतीच्या गच्चीवर ठेवू म्हणाले. त्यांना आप्पांनी चहा पाजला, पिशवीभर कोकमं दिली आणि एसटीत बसवून दिलं.