अनवाणी फौजेचा हिशेब

२३ डिसेंबर १७७७ रोजी अमेरिकन फौजेचा सेनापती जॉर्ज वॉशिंग्टनने पेनसिल्व्हानियातल्या व्हॅली फोर्जच्या छावणीतून वसाहतींच्या काँग्रेसच्या अध्यक्षांना पत्र लिहिलं. त्यात एक आकडा आहे : २,८९८. पायात जोडा नाही, अंगावर धड कपडा नाही, म्हणून कामावर पाठवता येत नाहीत असे हे सैनिक. रसद आली नाही तर फौज उपाशी मरेल, मोडेल किंवा पोटामागे पांगेल, असंही त्याने त्याच पत्रात बजावलं.

मी नोकरी केली ती सैन्याच्या पुरवठा खात्यात, आणि निवृत्तीनंतर अभ्यासही त्याच विषयाचा धरला. त्यामुळे लढाईचा नकाशा मी नंतर उघडतो. आधी शिधा, वैरण आणि पगारपत्रक बघतो. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाचे हे कागद चाळताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा जाणवते. ही फौज ज्या मुलखात उपाशी बसली होती, तो गव्हाचा मुलूख होता. धान्य होतं, ते विकत घ्यायला पैसा नव्हता, आणून टाकायला गाड्या नव्हत्या, आणि या दोन्हींची तजवीज हुकमाने करून घेईल असा धनी नव्हता.

ही फौज, म्हणजे कॉन्टिनेंटल आर्मी, जून १७७५ मध्ये उभी राहिली. ती उभारणाऱ्या काँग्रेसला कर बसवण्याचा अधिकारच नव्हता. मुळात भांडण पेटलं होतं लंडनने लादलेल्या करांवरून. तीच चावी आपल्या काँग्रेसच्या हाती द्यायलाही वसाहती राजी नव्हत्या. मग काँग्रेसने नोटा छापल्या. पहिली खेप २० लाख डॉलरची होती. १७७९ संपता संपता बेरीज २४ कोटींच्या आसपास गेली. पाठीशी ना सोनं, ना चांदी. राज्यांनी पुढे कधीतरी कर गोळा करून त्या परत घ्याव्यात, एवढाच भरवसा. त्यात इंग्रजांनी न्यूयॉर्कमधून बनावट नोटा बाजारात सोडल्या. मार्च १७८० मध्ये काँग्रेसनेच चाळीस कागदी डॉलरला एक चांदीचा डॉलर हा भाव मान्य केला. साध्या शिपायाचा पगार महिन्याला सात डॉलरही नव्हता. तोही थकायचा, आणि हातात पडेपर्यंत त्यातला जीव गेलेला असायचा.

अशा वेळी शेतकऱ्याला नावं ठेवणं सोपं असतं. व्हॅली फोर्जपासून जेमतेम तीस किलोमीटरवर फिलाडेल्फियात इंग्रज फौज तळ देऊन होती आणि ती रोख नाण्यांत दाम मोजत होती. पोरंबाळं असलेल्या माणसाने गहू कुणाला विकावा? सक्तीने माल उचलण्याचा अधिकार काँग्रेसने वॉशिंग्टनला दिला होता. पण ज्यांच्यासाठी लढायचं त्यांचीच कोठारं फोडली तर उद्या पाठीशी कोण राहणार, या विचाराने तो हात आखडता घ्यायचा. फेब्रुवारी १७७८ मध्ये उपासमार अगदी गळ्याशी आली, तेव्हा त्याने जनरल नॅथनिएल ग्रीनला आसपासच्या गावांत धाडलं. ग्रीनच्या लोकांनी गुरं, घोडे, गाड्या, वैरण, हाती लागेल ते उचललं आणि बदल्यात पावत्या दिल्या.

कागदावरचा शिधा मात्र झकास होता. रोज माणशी एक पौंड गोमांस, एक पौंड पाव किंवा पीठ, शिवाय वाटाणे, दूध, तांदूळ आणि प्यायला बिअर किंवा सायडर. प्रत्यक्षात कित्येक दिवस मिळायचं ते नुसतं पीठ. ते पाण्यात कालवायचं, थापायचं आणि तापल्या दगडावर किंवा निखाऱ्यांवर भाजायचं. वरून करपलेलं, आत कच्चं. त्यात मीठही नाही.

मिठाची टंचाई म्हणजे मांसाचीही टंचाई, कारण मांस खारवूनच टिकवायचं. ते खाऱ्या पाण्यासकट पिंपांत भरून येई. रस्ते चिखलाचे, बैल-घोडे अर्धपोटी, आणि गाडीवान भाड्याचे. ओझं हलकं व्हावं म्हणून ते वाटेतच पिंपातलं पाणी सोडून देत, आणि छावणीत पोहोचेस्तोवर मांस नासलेलं असे. एवढ्या साखळीवर नजर ठेवायची ती क्वार्टरमास्टर जनरलने. त्या जागेवरच्या थॉमस मिफ्लिनने लक्ष काढून घेतलं होतं आणि नोव्हेंबर १७७७ मध्ये राजीनामा दिला होता. ऐन हिवाळ्यात खातं वाऱ्यावर. त्या छावणीत लढाई एकही झाली नाही, तरी दोन हजारांच्या आसपास माणसं गेली, बहुतेक टायफस, विषमज्वर आणि हगवणीने.

मार्च १७७८ मध्ये हे खातं ग्रीनच्या गळ्यात पडलं. इतिहासात क्वार्टरमास्टरचं नाव कुणी ऐकलंय का, अशी त्याची तक्रार होती. आमच्या खात्यातल्या कुणालाही ती पटेल. तरी त्याने ठिकठिकाणी वैरणीचे साठे केले, गाड्या जमवल्या, रस्ते-पूल दुरुस्त करून घेतले. जूनमध्ये फौज बाहेर पडली ती चालू शकणारी फौज होती.

दारूगोळ्याचं रडगाणं तर पहिल्या दिवसापासूनचं. ऑगस्ट १७७५ मध्ये बोस्टनच्या वेढ्यात मोजदाद झाली, तेव्हा माणशी जेमतेम नऊ बार होतील एवढीच दारू निघाली. दारूला सोरा लागतो. इंग्रजांना तो बिहारमधून ईस्ट इंडिया कंपनीमार्फत मुबलक मिळे. वसाहतींना तो परदेशातून चोरूनमारून आणावा लागे. इथे फ्रान्स कामी आला. बोमार्शे या नाटककाराने १७७६ मध्ये एक दिखाऊ व्यापारी कंपनी काढली. तिच्यात फ्रान्स आणि स्पेनच्या राजांनी गुपचूप प्रत्येकी दहा लाख लिव्र घातले. बंदुका, दारू, कापड तिच्या जहाजांतून गेलं.

तरीही १७७९-८० चा मॉरिसटाउनच्या छावणीतला हिवाळा व्हॅली फोर्जहून कडक गेला. पैशाने भागत नाही म्हटल्यावर काँग्रेसने राज्यांकडून थेट गोमांस, पीठ, रम, वैरण मागितली. माल कुठेतरी जमा होई, पण तिथून छावणीपर्यंत न्यायला पुन्हा पैसा नसे. फिलाडेल्फियाच्या एस्थर रीड आणि तिच्या सोबतिणींनी १७८० मध्ये घरोघर फिरून तीन लाख कागदी डॉलर जमवले. शिपायांच्या हातात रोख द्यावी अशी एस्थरची इच्छा होती. वॉशिंग्टनने शर्ट मागितले. मग बायकांनी दोन हजारांवर शर्ट शिवले आणि प्रत्येकावर शिवणारीचं नाव घातलं.

१ जानेवारी १७८१ ला पेनसिल्व्हानियाच्या पलटणी बंड करून उठल्या. मागण्या साध्या होत्या : थकलेला पगार, कपडे आणि मुदत संपलेल्यांची सुटका. इंग्रज सेनापती क्लिंटनने संधी साधून दोन हस्तक पाठवले, पगार देऊ करून. बंडखोरांनी त्या दोघांना आपल्याच वरिष्ठांच्या हवाली केलं आणि ते फासावर गेले. या शिपायांचं भांडण सरकारशी होतं. देशाशी त्यांनी इमान राखलं. काँग्रेसने याची किती कदर केली, ते पुढे दिसलंच.

त्याच वर्षी फिलाडेल्फियाचा बडा व्यापारी रॉबर्ट मॉरिस खजिन्याचा प्रमुख झाला. यॉर्कटाउनकडे निघालेले सैनिक पगाराशिवाय पुढे जायला कुरकुरू लागले, तेव्हा त्याने फ्रेंच फौजेकडून नाणी उसनी घेऊन त्यांना महिनाभराचा पगार दिला. कनेक्टिकटचा जोसेफ प्लम्ब मार्टिन त्यांतलाच. १७७६ नंतर ज्याला पैसा म्हणावं असा पगार आपल्या हातात पडला तो एवढाच, हे त्याने म्हातारपणी लिहून ठेवलं. या मोहिमेला साथ देणाऱ्या फ्रेंच आरमारासाठी पाच लाख पेसो हवानात उभे राहिले. १९ ऑक्टोबर १७८१ ला यॉर्कटाउनमध्ये इंग्रज सेनापती कॉर्नवॉलिसच्या फौजेने शस्त्रं ठेवली.

हाच कॉर्नवॉलिस पुढे हिंदुस्थानात गव्हर्नर जनरल म्हणून आला. मे १७९१ मध्ये टिपूच्या श्रीरंगपट्टणापर्यंत तो पोहोचला, पण वैरण संपली, बैल मेले आणि वेढ्याच्या तोफा स्वतःच्याच हाताने नष्ट करून त्याला मागे फिरावं लागलं. वाटेत हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या फौजा भेटल्या. मराठी छावणीच्या बाजारात धान्य होतं. भाव चढे होते, पण त्याच्या माणसांच्या पोटात अन्न गेलं. यॉर्कटाउनला हरलेल्या सेनापतीला पुरवठ्याचं मोल इथे आपल्या लोकांनी दाखवलं.

युद्ध संपल्यावर अमेरिकन शिपायाला घरी धाडलं ते हातावर वचनचिठ्ठ्या ठेवून. पोटापाण्यासाठी बहुतेकांनी त्या सटोडियांना मातीमोलाने विकल्या. १७९० मध्ये अलेक्झांडर हॅमिल्टनच्या योजनेनुसार सरकारने कर्जरोख्यांची पूर्ण किंमत मान्य केली, ती ज्याच्या हाती रोखे होते त्याला. सरकारची पत त्याने सावरली, हे खरं. शिपायाच्या पदरात काही पडलं नाही. गरजू सैनिकांना पेन्शन मिळायला १८१८ उजाडलं, आणि त्यासाठीही आपलं दारिद्र्य सिद्ध करावं लागे. मार्टिनने आपली मालमत्ता लिहून दिली : दोन गाई, सहा मेंढ्या, एक डुक्कर. महिन्याला आठ डॉलर मंजूर झाले. त्या देशाच्या स्वातंत्र्यासाठी सर्वांत मोठं कर्ज फ्रान्सच्या राजाने दिलं, असं पुस्तकांत लिहितात. माझ्या हिशेबाने ते या शिपायांनी दिलं, आणि त्यांचं बुडालं.